आमच्याकडे सर्व प्रकारची गाणी मिळतील

१९६४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या दुकानांत एक तबकडी विकायला आली. नाव होतं 'अ बिट ऑफ लिव्हरपूल'. मुखपृष्ठावर सुप्रीम्स या गटातल्या तीन तरुणी, डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलार्ड; डोक्यावर बोलर हॅट, हातात छत्र्या. तिघी वाढलेल्या डेट्रॉइटमध्ये, मोटारी बनवणाऱ्या गावातल्या ब्रूस्टर नावाच्या सरकारी चाळीवजा वसाहतीत, आणि लिव्हरपूलशी त्यांचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं. बोलर हॅट आणि छत्री हा तर लंडनच्या बँकांत जाणाऱ्या साहेबांचा थाट. ज्यांच्यामुळे लिव्हरपूल हे नाव अमेरिकेतल्या पोराटोरांच्या तोंडी बसलं, त्या बीटल्सच्या डोक्यावर बघण्यासारखं काही असेल तर ते केस. त्यांनी हॅट घातल्या असत्या तर निम्मा धंदा तिथेच बसला असता. थोडक्यात, तबकडी पाकिटाबाहेर येण्याआधीच पत्ता चुकला होता.

आतला माल तपासायला घेतला तर जकात नाक्यावरच्या मुरलेल्या कारकुनालाही घाम फुटावा. गाणी ११. पहिलं 'हाउ डू यू डू इट'. ते लिव्हरपूलच्या गेरी अँड द पेसमेकर्सनी गाजवलेलं, म्हणजे सुरुवात तरी इमानदारीची. लिहिणारा मिच मरे लिव्हरपूलचा नव्हता, पण एवढं चालायचंच. दुसरं 'वर्ल्ड विदाउट लव्ह', लेनन-मॅकार्टनीच्या खात्यावरचं, पण गाजवलं पीटर आणि गॉर्डन या लंडनच्या जोडीने. तिसरं 'हाउस ऑफ द रायझिंग सन'. हे अ‍ॅनिमल्सचं, आणि अ‍ॅनिमल्स न्यूकॅसलचे. बरं, गाणं न्यूकॅसलचंही नाही. ते अमेरिकेचंच जुनं लोकगीत, न्यू ऑर्लिन्समधल्या एका बदनाम घराबद्दलचं. लोकगीतं गोळा करत हिंडणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने १९३७ साली ते केंटकीतल्या एका खाणकामगाराच्या १६ वर्षांच्या मुलीकडून मुद्रित करून घेतलं होतं. पोरीचं गाणं, न्यूकॅसलच्या पोरांनी ते पोराचं केलं, आणि काही महिन्यांतच डेट्रॉइटच्या पोरी ते पुन्हा ताब्यात घेऊन मोकळ्या झाल्या. पुढे 'बिकॉज' आणि 'बिट्स अँड पीसेस' ही दोन्ही डेव्ह क्लार्क फाइव्हची. ते टॉटनमचे. पुन्हा लंडन. छाननी करत गेलं की बीटल्सची म्हणावीत अशी चार गाणी हाती उरतात.

खरी मजा त्याच्या पुढेच आहे. यादीतली आणखी दोन गाणी म्हणजे 'यू'व्ह रिअली गॉट अ होल्ड ऑन मी' आणि 'डू यू लव्ह मी'. पहिलं स्मोकी रॉबिन्सनचं, दुसरं बेरी गॉर्डीचं. दोन्ही १९६२ ची, दोन्ही डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची. सुप्रीम्स ज्या कंपनीत गात होत्या ती हीच, आणि गॉर्डी त्या कंपनीचा मालक. इंग्लंडमधल्या पोरांनी ही गाणी डेट्रॉइटहून उचलली, आपल्या ढंगात गायली आणि जहाजाने परत पाठवली. डेट्रॉइटने ती 'लिव्हरपूलचा माल' असा शिक्का मारून सोडवून घेतली. आजीच्या हळदीच्या दुधाला परदेशात भारी नाव मिळतं आणि तोच पेला चौपट भावात गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कॅफेत हजर होतो, तशातला प्रकार. फरक इतकाच की इथे आजी त्याच घरात राहत होती. स्मोकी रॉबिन्सन कंपनीचा उपाध्यक्ष होता. जिन्यातून हाक मारली असती तरी त्याने ओ दिली असती.

निर्मात्यांच्या यादीत गॉर्डीबरोबर हॅल डेव्हिस आणि मार्क गॉर्डन ही नावं आहेत. ही जोडी कंपनीचं लॉस एंजेलिसचं ठाणं सांभाळायची. म्हणजे पुड्यावर नाव लिव्हरपूलचं आणि कारभारात डेट्रॉइटबरोबर कॅलिफोर्नियाही. हीच तबकडी इंग्लंडमध्ये निघाली तेव्हा तिचं नाव मात्र बदलून 'विथ लव्ह (फ्रॉम अस टू यू)' असं ठेवलं. लिव्हरपूल नेमकं कुठे आहे हे जिथे लोकांना ठाऊक होतं, तिथे लिव्हरपूलचं नाव घेणं कुणालाच धोक्याचं वाटलं नसेल असं नाही.

आता ती ऐकायची कशी? एक बाजू संपायला पाव तासही लागत नाही. गाणी अडीच मिनिटांच्या आसपासची. एक आवडलं नाही म्हणून उठावं तर सुई पुढच्यावर गेलेली असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात शंका असते ती ही, की या बायका बीटल्सची नक्कल करणार. तशी काही होत नाही. डायना रॉसचा आवाज बारीक, टोकदार, किंचित नाकातला. शब्द असे स्वच्छ की शुद्धलेखनाला घेतलं तरी चूक निघू नये. लेनन 'यू कॅन्ट डू दॅट' गातो तेव्हा त्यात मत्सराने पेटलेला, हात उगारायच्या बेतातला गडी दिसतो. डायना तेच गाते तेव्हा तिने खिडकी बंद केली आहे आणि आता आतून कडी लावणार आहे, एवढंच कळतं. धमकी तीच, पण आवाज न चढवता दिलेली. कोणती जास्त भारी, हे ज्याने त्याने आपापल्या संसारातल्या अनुभवावरून ठरवावं.

'अ हार्ड डेज नाइट'चं तर काहीतरी भलतंच होऊन बसतं. मूळ गाणं दिवसभर राबून घरी आलेल्या पुरुषाचं. बीटल्सच्या तोंडी ते गोड वाटतं, कारण त्या वर्षी त्यांचं राबणं म्हणजे किंचाळणाऱ्या मुलींपासून पळणं. सुप्रीम्सच्या तोंडी ते आलं की जरा थबकायला होतं. डायनाने डेट्रॉइटच्या हडसन्स नावाच्या मोठ्या दुकानाच्या उपाहारगृहात टेबलं आवरली होती. मोटाउनमध्ये तिघी सुरुवातीला दुसऱ्यांच्या गाण्यांत मागे कोरस धरायच्या, टाळ्या वाजवायच्या. थकून घरी येण्याबद्दल गायचा हक्क या गाण्याच्या इतक्या गायक-गायिकांपैकी कुणाला असेल तर तो यांना. पण पार्श्वसंगीत नाचरं आहे, कंपनीला घाई आहे, आणि पुढचं गाणं तयार आहे.

घाई का होती, ते आधी पाहायला हवं.

सुप्रीम्सना मोटाउनने जानेवारी १९६१ मध्ये करारबद्ध केलं. पुढची तीन वर्षं जवळपास प्रत्येक गाणं आपटलं. कंपनीतच त्यांना 'नो-हिट सुप्रीम्स' म्हणत, आणि आपलं टोपणनाव चहाच्या टपरीवरून नव्हे तर स्वतःच्या कचेरीतून पडलेलं असलं की ते जास्त लागतं. मग १९६४ च्या उन्हाळ्यात 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' आलं. हे गाणं मार्व्हलेट्स या दुसऱ्या गटाने नको म्हटलेलं. त्याची पट्टीही त्यांच्याच गायिकेच्या गळ्याची, म्हणून डायनाला नेहमीपेक्षा खाली गावं लागलं. सुरुवातीला जो ठेका ऐकू येतो तो ढोलाचा नाही. लाकडी फळ्यांवर पाय आपटून काढलेला आहे. उष्टं गाणं, परक्याची पट्टी, फळ्यांवर पाय. आणि ऑगस्टमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. त्यामागून 'बेबी लव्ह' आणि 'कम सी अबाउट मी', मग १९६५ च्या जूनपर्यंत आणखी दोन. सलग पाच गाणी पहिल्या क्रमांकावर.

अशा वेळी शहाणा व्यापारी काय करतो? जे खपतंय तेच आणखी करतो. ते तर गॉर्डीने केलंच. पण त्या गाण्यांच्या मधल्या जागांत त्याने लिव्हरपूल आणलं, मग गुराख्यांची गाणी, मग दिवंगत सॅम कुकला श्रद्धांजली, मग नाइट क्लबमधला थेट कार्यक्रम, मग ख्रिसमस. हे सगळं ऑक्टोबर १९६४ ते नोव्हेंबर १९६५ या अवधीत, आणि मध्ये त्यांच्या स्वतःच्या गाजलेल्या गाण्यांची एक तबकडी वेगळी. चौदा महिन्यांत सहा तबकड्या. हायवेवरच्या एखाद्या हॉटेलच्या पाटीवर 'पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, थाळी, ज्यूस' असं एकाखाली एक रंगवलेलं असतं आणि आत आचारी एकच असतो, त्याची आठवण येते.

या पाटीची मुळं गॉर्डीच्या जुन्या जखमेत आहेत. १९५३ च्या सुमारास त्याने डेट्रॉइटमध्ये रेकॉर्डचं एक दुकान काढलं होतं. गॉर्डीला जॅझचं वेड, म्हणून दुकानात जॅझ. गिऱ्हाईक यायचं कारखान्यातलं. ते मागायचं मडी वॉटर्स, जॉन ली हूकर, जिमी रीड. ब्लूज. दुकानदार गिऱ्हाइकाला जॅझचं मोठेपण समजावून सांगायचा आणि गिऱ्हाईक नम्रपणे ऐकून घेऊन शेजारच्या दुकानात जायचं. उपदेश करणाऱ्या दुकानदाराचं जे होतं ते झालं. १९५५ मध्ये दुकान बुडालं. मग हा गृहस्थ लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात आठवड्याला ८६ डॉलर ४० सेंटवर लागला, सरकत्या पट्ट्यावर. तिथे त्याला दिसलं की उघडा सांगाडा एका टोकाने आत जातो आणि दुसऱ्या टोकाने चकाकती गाडी बाहेर पडते. १९५९ मध्ये घरच्या बचत निधीतून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने कंपनी काढली, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका राहत्या घरात. दारावर पाटी लावली 'हिट्सव्हिल यू.एस.ए.', आणि तीही एकही मोठं गाणं गाजण्याआधी.

कारखान्याचा पट्टा इथेही होता. गाणी लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, नाच बसवणारा चॉली अ‍ॅटकिन्स वेगळा. शिष्टाचार शिकवायला मॅक्सिन पॉवेलबाई. गाडीतून गुडघे जुळवून कसं उतरायचं, उंच स्टुलावर कसं बसायचं, सगळं त्या शिकवायच्या. तुम्हाला दोनच ठिकाणी गायचंय, बकिंगहॅम राजवाड्यात आणि व्हाइट हाउसमध्ये, हे त्यांचं सांगणं. शुक्रवारी सकाळी बैठक, तीत आठवड्याच्या गाण्यांची तपासणी. शेवटचा एक डॉलर खिशात असेल तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच, हा गॉर्डीचा ठरलेला प्रश्न. बैठकीतल्या कुणी खरोखरच भूक लागली असताना काय उत्तर दिलं, याची नोंद कंपनीने ठेवलेली दिसत नाही.

मॅक्सिनबाईंच्या शिकवणीचा निकाल १९६५ च्या ऑगस्टमध्ये लागला. न्यूयॉर्कच्या वॉरविक हॉटेलात सुप्रीम्स बीटल्सना भेटायला गेल्या. मेरी विल्सनने तो प्रसंग आपल्या आठवणींत रंगवून सांगितला आहे. तिघी नटूनथटून, हातमोजे, हॅट, दागिने, आणि न्यूयॉर्कच्या ऑगस्टात अंगावर फर. खोलीत धुराचा विशिष्ट वास आणि मुलं अस्ताव्यस्त. बीटल्सना वाटलं होतं डेट्रॉइटच्या झणझणीत पोरी येतील; आल्या त्या मुख्याध्यापिकेच्या भाच्या. सुप्रीम्सना वाटलं होतं शिष्ट इंग्रज असतील. बोलणं पुढे सरकेना आणि पाहुण्या लवकरच निघाल्या. कांदेपोह्यांचे कार्यक्रम जगात सगळीकडे सारखेच फसतात. ज्यांची गाणी एकमेकांच्या घरी आधीच पोचली होती, ती माणसं समोरासमोर आल्यावर विषय सापडेना.

त्या सहांतली सगळ्यात विसरलेली आणि सगळ्यात गमतीची तबकडी म्हणजे फेब्रुवारी १९६५ ची 'द सुप्रीम्स सिंग काउंट्री, वेस्टर्न अँड पॉप'. नावातच घाबरगुंडी आहे. 'काउंट्री, वेस्टर्न' इथवर धाडस झालं आणि मग कुणीतरी मागून अंगरखा ओढला: 'अँड पॉप' लिहा हो, गिऱ्हाईक पळेल. पत्रिकेत 'साखरपुडा, लग्न व इतर कार्यक्रम' लिहावं तसं.

रस्ता तसा मळलेला होता. १९६२ मध्ये रे चार्ल्सने काउंट्री गाण्यांची तबकडी काढली तेव्हा त्याच्या कंपनीतल्या साहेबांनी कपाळाला हात लावला होता. ती पहिल्या क्रमांकावर गेली आणि हात खाली आले. पण रे चार्ल्सने नॅशव्हिलची गाणी घेऊन ती आपल्या घरात नांदवली. मोटाउनची रीत वेगळी. ११ पैकी बहुसंख्य गाणी कंपनीच्याच क्लॅरेन्स पॉलच्या हातची. मोटाउनची गाणी छापण्याचे हक्क सांभाळणारी कंपनीही गॉर्डीचीच. तिचं 'जोबेट' हे नाव त्याच्या तीन मुलांच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं. म्हणजे गुराख्याचं गाणं कुणीही गायलं तरी त्यातले काही सेंट पोरांच्या नावाने वळते होणार. 'सनसेट' या गाण्यावर पॉलबरोबर नाव आहे स्टीव्ही वंडरचं. त्याने स्वतः ते मुद्रित केलं तेव्हा तो ११ वर्षांचा होता. एक गाणं 'रॉक अँड रोल बँजो बँड'बद्दलचं आहे. ते १९६३ मध्येच एका तबकडीच्या मागच्या बाजूला येऊन पडलं होतं. पुन्हा धुऊन वाळत घातलं.

बाहेरची गाणी मोजकी, पण प्रत्येकाच्या पोटात एक गोष्ट. 'फनी हाउ टाइम स्लिप्स अवे' विली नेल्सनचं, तो नॅशव्हिलमध्ये धडपडत होता त्या काळातलं. 'टम्बलिंग टम्बलवीड्स' हे तर अमेरिकन पश्चिमेचं जवळपास राष्ट्रगीत. वाळवंटात वाऱ्यावर गडगडत जाणाऱ्या त्या वाळक्या झुडपाच्या गोळ्याशिवाय काउबॉयचा सिनेमा पुरा होत नाही. लिहिलं बॉब नोलनने. तो जन्माने कॅनडाचा, आणि त्या काळात लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहायचा. आणि ते झुडूप? ते रशियाचं. १८७० च्या दशकात जवसाच्या बियाण्यात मिसळून दक्षिण डकोटात उतरलं आणि गाजरगवतासारखं पसरलं. म्हणजे रशियन तणावर कॅनडात जन्मलेल्या हमालाने लिहिलेलं अमेरिकन गाणं डेट्रॉइटच्या तीन कृष्णवर्णीय मुली गातायत. यात परकं कुणाला म्हणायचं, याची पंचाईत झाली की ऐकणाऱ्याने चहा टाकावा.

एका गाण्यापाशी मात्र चहाचा कप हातातच राहतो. 'इट मेक्स नो डिफरन्स नाउ'. लिहिलं टेक्ससच्या फ्लॉइड टिलमनने. त्याने ते ३०० डॉलरना विकलं, आणि विकत घेणाऱ्या जिमी डेव्हिसचं नाव गाण्याला लागलं. हा डेव्हिस गाणाराही होता आणि राजकारणीही. दोनदा लुइझियानाचा गव्हर्नर झाला. त्याच्या दुसऱ्या कारकिर्दीत, १९६० मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या शाळेत काळ्या मुलांना गोऱ्या मुलांशेजारी बसू द्यायचं ठरलं तेव्हा याने सरकारची सगळी ताकद ते थोपवायला लावली. सहा वर्षांच्या रूबी ब्रिजेसला केंद्राच्या मार्शलांच्या पहाऱ्यात शाळेत जावं लागलं, ते हेच वर्ष आणि हेच राज्य. त्या माणसाच्या नावावरचं गाणं ब्रूस्टर वसाहतीतल्या तीन मुली गातात, आणि आता काही फरक पडत नाही, अशा अर्थाचं गातात.

आणि इथेच तबकडी एकदम जवळ येते. या गाण्यात तिघी एकेक कडवं गातात. एरवी डायना पुढे आणि बाकी दोघी 'ऊ' आणि 'बेबी, बेबी'पुरत्या. इथे मेरी विल्सनचा जरा धुरकट, दुपारी झोपून उठल्यासारखा आवाज मोकळा ऐकू येतो, आणि फ्लॉरेन्स बॅलार्डचा भरदार, चर्चमध्ये तयार झालेला. ती गायला लागली की खोलीतलं सामान थोडं सरकल्यासारखं वाटतं. गुराख्यांची टोपी घालायला सांगितलेल्या दिवशीच या तिघी तीन वेगवेगळ्या बायका म्हणून ऐकू याव्यात, हा या सगळ्या धंद्यातला न मोजलेला नफा. बिलबोर्डच्या यादीत लिव्हरपूल २१ व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. काउंट्री ७९ वर अडकलं.

मराठी कानाला एकाच गळ्याने सगळं गाण्याचं अप्रूप वाटू नये. आशाताईंनी लावणीपासून गझलेपर्यंत आणि नाट्यपदापासून कॅबरेपर्यंत काय सोडलं? पण तिथे सिनेमातला प्रसंग मागायचा, संगीतकार मागायचा. इथे मागणारा होता हिशेबनीस.

त्याचा हिशेब एप्रिल १९६५ मध्ये जरा अंगावर येतो. सॅम कुक ११ डिसेंबर १९६४ ला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये गोळी लागून गेला, आणि चार महिन्यांत 'वी रिमेम्बर सॅम कुक' दुकानात. आठवण ताजी असतानाच काढलेली बरी, असा विचार असावा. 'चेन गँग' हे बेड्या घातलेल्या कैद्यांचं गाणं. मूळ मुद्रणात दगड फोडणाऱ्यांचे हुंकार आहेत. ते तीन नीटनेटक्या मुलींनी काढायचे म्हणजे लाटणं-पोळपाट घेऊन खडी फोडण्यापैकी आहे. ऐकताना हसू येतं, आणि लगेच जीभ चावावी लागते, कारण याच तबकडीवर 'अ चेंज इज गॉना कम' आहे. ते गाणं कुणी गायलं तरी खोली गप्प होते. 'गुड न्यूज'मध्ये पुन्हा फ्लॉरेन्सला पुढे येऊ दिलंय. गिरिजाघरातून सोलमध्ये आलेल्या माणसाचं गाणं गिरिजाघरातून सोलमध्ये आलेल्या बाईला दिलं. कंपनीच्या हातून कधीकधी असं बरोबरही व्हायचं.

पुढचं झरझर सांगून टाकलेलं बरं. ख्रिसमसच्या तबकडीत 'माय फेवरिट थिंग्ज' घुसवलं आहे. 'साउंड ऑफ म्युझिक'मध्ये ते गाणं आहे ढगांच्या गडगडाटाला घाबरलेल्यांसाठी. नाताळाशी त्याचा संबंध काय, तर थंडी आणि पुडकी बांधणं. पण आज अमेरिकेत ते बिनदिक्कत नाताळाचं म्हणून वाजतं. जर्मन भाषेत गाणी झाली. १९६७ मध्ये ब्रॉडवेचे रॉजर्स आणि हार्ट झाले. १९६८ मध्ये 'फनी गर्ल'ची गाणी झाली आणि ती सपाटून पडली. तिघींच्या फोटोच्या वेष्टनातला पांढरा पाव डेट्रॉइटमध्ये विकायला आला, तेव्हा दुकानाच्या पाटीवर खरोखरच बेकरीही चढली.

आणि गॉर्डीला नावं ठेवावीत तर १९६६ आडवं येतं. त्या ऑक्टोबरात 'द सुप्रीम्स ए गो-गो' अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर चढली. केवळ मुलींच्या गटाची तबकडी तिथे पहिल्यांदाच पोचत होती. आत पुन्हा निम्मी उधारी: नॅन्सी सिनात्राचं बुटांचं गाणं, मॅकॉइजचं 'हँग ऑन स्लूपी', घरच्या फोर टॉप्सचंही. आणि पहिल्या क्रमांकावरून खाली कोण उतरलं? बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर'. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्या गावाच्या नावाने छत्री धरली, त्यांच्याच डोक्यावरून पाणी गेलं.

पुढच्या वर्षी फ्लॉरेन्सला गटाबाहेर काढण्यात आलं. १९७६ मध्ये ती वारली तेव्हा ३२ वर्षांची होती. त्यामुळे जुन्या तबकड्या ऐकताना अनेकांचा कान आपोआप डायनाच्या मागे, उजवीडावीकडे जातो.

तिथे ती सापडते, आणि सगळ्यात नीट सापडते ती अनपेक्षित जागी: नोव्हेंबर १९६५ च्या 'अ‍ॅट द कोपा'मध्ये. न्यूयॉर्कचा कोपाकबाना म्हणजे मेजवानी आणि गाणं एकत्र असलेला क्लब. गिऱ्हाईक वयस्क, पैसेवालं, बहुतेक गोरं. गॉर्डीचं सगळं लक्ष या खोलीवर होतं. पोरांची आवड उन्हाळ्यासारखी जाते, पण ही मंडळी वर्षानुवर्षं टेबल राखून ठेवतात. म्हणून स्वतःच्या गाजलेल्या गाण्यांबरोबर ब्रॉडवे आणि जुनी प्रेमगीतं. ब्राझीलची इपानेमाची मुलगी इथे इपानेमाचा मुलगा होऊन येते. काट्याचमच्यांचा आवाज थांबावा म्हणून तिघी सगळं सगळं करतात.

शेवटाकडे 'यू आर नोबडी टिल समबडी लव्ह्ज यू' लागतं. डायना गोड आवाजात सांगत असते की सोनंनाणं काही म्हातारपणी सुख देत नाही, प्रेम हवं. मागून फ्लॉरेन्स तिला मध्येच तोडते. गाऊन नव्हे, बोलून. मंगळवारच्या बाजारात भाव ऐकून बाई बोलते त्या सुरात. थांब गं बाई, त्या सोन्यानाण्याबद्दल माझं काही एवढं पक्कं मत नाही, अशा अर्थाचं. न्यूयॉर्कची ती सगळी जेवणारी माणसं खळाळून हसतात. ते हसू तबकडीवर आहे. डायना क्षणभर थांबते, आणि पुढची ओळ उचलते.